चुंबकीय मायक्रोरोबोटने एकेक पेशी हलवणं आणि दाबून तिचा ताठरपणा मोजणं: बळ पुरत नाही, मणी चिकटतात, पेशींना फुगे येतात

सूक्ष्मचालक

नमस्कार मंडळी. जुळणी आधी सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल.

काचेच्या कव्हरस्लिपवर प्लाझ्माने चिकटवलेली पीडीएमएसची (पारदर्शक सिलिकोन रबराची) चिप आहे. चेंबर २०० मायक्रोमीटर खोल, एका टोकाला साधारण १०० मायक्रोलिटरचा उघडा हौद. भोवती तीन अक्षांवर हेल्महोल्ट्झ कॉइलच्या (समोरासमोर ठेवलेल्या तारेच्या वेटोळ्यांच्या) तीन जोड्या. सर्वांत आतल्या जोडीची त्रिज्या ५ सेंटिमीटर, प्रत्येक कॉइलला ०.८ मिलिमीटर तांब्याच्या तारेचे २०० वेढे. २ अँपिअरला मध्यभागी हॉल प्रोब (चुंबकीय फील्ड मोजणारा) ७ मिलिटेस्लाच्या आसपास दाखवतो. रोबोट म्हणून ४.५ मायक्रोमीटरचे सुपरपॅरामॅग्नेटिक (फील्ड असेपर्यंतच चुंबक बनणारे) मणी वापरतो. पेशी एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या), ट्रिप्सिन या विकराने सोडवून मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) सोडलेल्या. ४० पट ऑब्जेक्टिव्ह, कॅमेऱ्याचा पिक्सेल ६.५ मायक्रोमीटरचा.

काम दोन टप्प्यांचं आहे. निवडलेली एक पेशी चेंबरमधून बाजूच्या खोबणीत न्यायची आणि तिथे भिंतीला टेकवून दाबायची, म्हणजे ताठरपणा काढता येईल. अडचणी तीन आहेत. एक, मणी पेशीला टेकतो, पण पेशीचा आकार तसूभरही बदलत नाही. दोन, साध्या पाण्यात मणी छान फिरतो, मीडियममध्ये मात्र थोड्या वेळाने तळाला किंवा पेशीलाच चिकटून बसतो. तीन, तासाभरात बऱ्याच पेशींच्या पडद्यावर फुगे येतात. करंट वाढवून पहिली अडचण सुटेल का? उरलेल्या दोन्हींचं मूळ एकच असेल का?

---

चुंबकसूत्र

करंट वाढवून सुटणार नाही. तुमच्या जुळणीत बळ किती मिळतं आणि पेशी दाबायला किती लागतं याचा हिशेब मांडला की कारण लगेच दिसतं.

हेल्महोल्ट्झ जोडी मध्यभागी एकसारखं फील्ड देते. अशा फील्डमध्ये चुंबकीय वस्तू वळते, ओढली जात नाही. ओढ लागते ती फील्ड जागेनुसार बदलत असेल तेव्हा, म्हणजे ग्रेडियंटमुळे. तुमचा मणी आज फिरत्या फील्डवर लोळत पुढे जात असणार, आणि सुपरपॅरामॅग्नेटिक मण्यावर फिरत्या फील्डचा टॉर्कही तुटपुंजाच असतो. दोन-तीन मणी साखळीने जुळले की साखळी जोमात फिरताना दिसते, एकटा मणी रेंगाळतो. तुम्हालाही हे दिसलं असेल.

याच कॉइलमधून ग्रेडियंट काढता येतो. जोडीतल्या दोन्ही कॉइल वेगवेगळ्या ड्रायव्हरवर घ्या. एकीत २ अँपिअर आणि दुसरीत उलट दिशेने २ अँपिअर सोडले, तर मध्यभागी फील्ड शून्य आणि ग्रेडियंट साधारण ०.१७ टेस्ला प्रति मीटर. पण फील्ड शून्य असेल तर मणी चुंबकित होणार कसा? म्हणून एकीत २ आणि दुसरीत उलट १ अँपिअर ठेवा. ग्रेडियंट ०.१३ वर येतो आणि मध्यभागी १.८ मिलिटेस्ला फील्ड शिल्लक राहतं.

आता बळ. ४.५ मायक्रोमीटरच्या मण्याची परिणामी चुंबकीय ग्रहणशीलता साधारण १ धरा. १.८ मिलिटेस्लाला त्याच्यावरचं बळ येतं सुमारे ०.०१ पिकोन्यूटन. पाण्यातलं त्याचं वजन, उत्प्लावक बळ वजा करून, ०.२५ पिकोन्यूटनच्या आसपास असतं. म्हणजे तुमच्या ओढीपेक्षा त्याचं स्वतःचं वजन पंचवीसपट आहे, आणि म्हणून तो कायम तळावर बसलेला असतो.

पेशी दाबायला काय लागतं? २.५ मायक्रोमीटर त्रिज्येच्या गोलाने १ किलोपास्कल ताठरपणाची पेशी अर्धा मायक्रोमीटर दाबायची, तर हर्ट्झच्या सूत्राने (गोल वस्तू दाबताना बळ आणि दबलेलं अंतर यांचं नातं) सुमारे १ नॅनोन्यूटन लागतो. तुमच्याकडे आहे त्याच्या एक लाख पट. करंट दुप्पट केला तर फील्ड आणि ग्रेडियंट दोन्ही दुप्पट होऊन बळ चौपट होईल आणि उष्णताही चौपट होईल. एवढी मोठी दरी करंट वाढवून भरत नाही.

पेशी हलवणं हे मात्र वेगळं काम. १५ मायक्रोमीटरची सुटी पेशी ३७ अंशांच्या पाण्यात सेकंदाला १० मायक्रोमीटर वेगाने न्यायला सुमारे १ पिकोन्यूटन लागतो, तळाजवळ त्याच्या दोन-तीनपट. इथे जडत्वाचा संबंधच येत नाही. १० मायक्रोमीटरची वस्तू सेकंदाला १०० मायक्रोमीटर धावली तरी रेनॉल्ड्स अंक (जडत्व आणि द्रवाचा चिकटपणा यांचं गुणोत्तर) हजारांशाच्या घरात राहतो. ओढ थांबली की वस्तू तिथेच थांबते, घसरत पुढे जात नाही. भौतिकशास्त्रज्ञ पर्सेल यांनी १९७७ मध्ये दाखवलं ते हेच: या जगात शिंपल्यासारखी नुसती उघडझाप करून पुढे सरकता येत नाही, कारण गेलेलं अंतर परतीच्या हालचालीत पुसलं जातं. म्हणून इथले रोबोट मळसूत्रासारखे फिरतात, तळावर लोळतात किंवा ग्रेडियंटने ओढले जातात.

तेव्हा हलवायला काही पिकोन्यूटन आणि मोजायला काही नॅनोन्यूटन, अशी दोन कामं आधी वेगळी करा. एकाच मण्याकडून दोन्ही करून घेण्याचा हट्ट सोडा.

मणीच ठेवायचा असेल, तर मोजण्यासाठी मऊ लोखंडाची टोकदार सुई कॉइलच्या गाभ्याला जोडून पेशीपासून दहा-वीस मायक्रोमीटरवर आणावी लागते. टोकाजवळ ग्रेडियंट १००० टेस्ला प्रति मीटरच्या पुढे जातो आणि जवळजवळ संपृक्त झालेल्या ४.५ मायक्रोमीटरच्या मण्यावर १ ते १.५ नॅनोन्यूटन बळ मिळतं. एवढं लक्षात ठेवा की सुई फक्त ओढते, ढकलत नाही. मण्याने पेशी दाबायची असेल तर पेशी मणी आणि सुई यांच्या मधोमध यायला हवी.

---

पेशीघर

मी दुसऱ्या आणि तिसऱ्या अडचणीवर लिहिते. दोन्हींची मुळं वेगळी आहेत, पण काही उपाय सामाईक आहेत.

चिकटण्याचं आधी. डिस्टिल्ड पाण्यात काच आणि मणी दोन्हींवर ऋण प्रभार असतो आणि तो त्यांना लांब ठेवतो. मीडियम किंवा पीबीएसमध्ये (फॉस्फेटयुक्त खाऱ्या द्रावणात) एवढे क्षार असतात की हा अपकर्ष जेमतेम ०.८ नॅनोमीटरपर्यंत पोचतो. मणी खरोखर टेकतो आणि बसतो. त्यात सीरम असेल तर फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिनसारखी प्रथिनं मण्यावर बसतात. पेशी त्यांना इंटेग्रिनने (पडद्यावरच्या पकड घेणाऱ्या प्रथिनांनी) पकडते, कारण तिच्या दृष्टीने ती बसण्याचीच जागा आहे. एकदा अशी पकड बसली की त्या ठिकाणी पेशी आतून सांगाडा मजबूत करते. मग तुम्ही मोजाल तो ताठरपणा पेशीचा मूळचा नसेल, तुमच्या मण्याला तिने दिलेल्या प्रतिसादाचा असेल. वांग, बटलर आणि इंगबर यांनी १९९३ मध्ये इंटेग्रिनला बांधलेले चुंबकीय मणी पिळून हेच दाखवलं होतं: पीळ वाढवत नेला तसा पेशीचा विरोध वाढत गेला.

लेप कोणत्या पृष्ठभागावर द्यायचा आहे ते पाहून निवडा. इथेच बरेच जण अडकतात. प्लुरॉनिक एफ-१२७ (चिकटणं रोखणारं पॉलिमर) पाणी झिडकारणाऱ्या पृष्ठभागावर धरतं, म्हणजे जुन्या पीडीएमएसवर किंवा पॉलिस्टायरीनवर. तुमची चिप प्लाझ्माने जोडलेली आहे. ताज्या प्लाझ्मानंतर पीडीएमएस आणि काच दोन्ही पाण्याला धरणारे होतात, तिथे प्लुरॉनिक नीट बसत नाही आणि पहिल्याच धुण्यात निघून जातं. ताज्या चिपसाठी पॉलिलायसिन-पीईजी (पीईजी म्हणजे प्रथिनं दूर ठेवणारं पॉलिमर) ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ३० ते ६० मिनिटं, मग पीबीएसने दोनदा धुवा. मण्यांना १ टक्का बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनमध्ये) तासभर हळू फिरवत ठेवा. प्रयोगाच्या वेळी मीडियम सीरमविना, त्यात ०.५ ते १ टक्का बीएसए. नावात साम्य आहे म्हणून सांगते: पीईजी न जोडलेलं साधं पॉलिलायसिन चुकूनही वापरू नका, ते पेशी चिकटवण्यासाठीच असतं.

आणखी एक. विकतच्या मण्यांच्या बाटलीत टिकवण्यासाठी बहुधा ०.०२ टक्के सोडियम अझाइड असतं. ते पेशीचं श्वसन बंद पाडतं. चुंबकावर मणी धरून, वरचं पाणी काढून, पीबीएसने किमान तीनदा धुतल्याशिवाय पेशींजवळ नेऊ नका. लेबल वाचा.

आता फुगे. तीन गोष्टी एकेक करून तपासा.

उष्णता: ०.८ मिलिमीटरच्या तारेचे ५ सेंटिमीटर त्रिज्येचे २०० वेढे म्हणजे सुमारे ६३ मीटर तार, रोध २.१ ओहमच्या आसपास. २ अँपिअरला एका कॉइलमध्ये ८ वॉटच्या वर, जोडीत १७. बाहेरच्या जोड्यांची तार याहून लांब, त्यामुळे तिन्ही चालू असतील तर ५० वॉटच्या पुढे. एवढा हीटर तुम्ही चिपला मिठी मारून ठेवला आहे. बारीक थर्मोकपल हवेत लटकवू नका, हौदातल्या मीडियममध्ये बुडवा. ३९ अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका. कॉइल किती तापली ते वेगळा सेन्सर न लावताही कळतं. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो, म्हणून स्थिर करंटला व्होल्टेज १० टक्के चढलं तर कॉइल सुमारे २५ अंशांनी तापली आहे असं समजा.

बाष्पीभवन: १०० मायक्रोलिटरचा उघडा हौद आणि शेजारी गरम कॉइल. १० टक्के पाणी उडालं की २९० मिलिऑस्मोलचं मीडियम ३२० च्या वर जातं आणि पेशी आकसू लागते. हौदावर पेशीसंवर्धनासाठी तपासलेल्या मिनरल ऑइलचा पातळ थर द्या.

पीएच: बायकार्बोनेटवर चालणारं मीडियम इनक्युबेटरच्या ५ टक्के कार्बन डायऑक्साइडबाहेर आलं की अल्कधर्मी होतं. फिनॉल रेड (पीएच दाखवणारं रंगद्रव्य) गुलाबी-जांभळं दिसू लागतं ते त्यामुळेच. २० ते २५ मिलिमोलर हेपेस (पीएच स्थिर ठेवणारं बफर) घाला. मात्र हेपेस आणि रायबोफ्लेविन असलेल्या मीडियमवर निळसर प्रकाश फार वेळ पडला की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. त्यामुळे दिव्यासमोर लाल फिल्टर लावा, ६०० नॅनोमीटरच्या पुढचा. तुम्हाला फक्त आकार पाहायचा आहे, लाल प्रकाश पुरतो.

ट्रिप्सिनचाही वाटा असू शकतो. ०.२५ टक्क्याला तीन ते पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, सीरमने थांबवा, आणि न चिकटणाऱ्या डिशमध्ये अर्धा तास सावरू द्या. सुटून नुकत्याच गोल झालेल्या पेशीचा सांगाडा अजून जुळत असतो, त्या अवस्थेतले आकडे विखुरलेले येतात. आणि उलट बाजूने, लेप नसलेल्या काचेवर त्याच पेशी अर्ध्या तासात परत धरायला लागतात. पसरलेली पेशी दहा-वीस पिकोन्यूटनने हलेल ही आशाच ठेवू नका.

कंट्रोल चार लावा: नुसत्या पेशी; पेशी आणि मणी (फील्ड बंद); पेशी आणि फील्ड (मणी नाहीत); सगळं एकत्र. चारही त्याच चिपवर, तेवढाच वेळ. तिसऱ्यात फुगे आले तर दोष उष्णतेचा. दुसऱ्यात आले तर मण्यांचा किंवा अझाइडचा. पहिल्यातच आले तर मीडियम बघा. ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) ०.४ टक्के समप्रमाणात मिसळून पाच मिनिटांच्या आत मोजा, जास्त वेळ ठेवला तर जिवंत पेशीही निळ्या पडायला लागतात. ट्रिपॅन ब्लूला फक्त फाटलेला पडदा दिसतो. म्हणून रोबोटने हाताळलेल्या पेशी परत काढून २४ तासांनी पुन्हा बघा. त्या चिकटल्या, पसरल्या, विभागू लागल्या, तरच हाताळणी सौम्य होती असं म्हणता येतं.

---

प्रकाशचिमटा

थोडक्यात दोन पर्याय, तुलनेसाठी.

ऑप्टिकल ट्विझर्सने (लेसर किरणात कण पकडणाऱ्या चिमट्याने) १०६४ नॅनोमीटरला शंभरेक पिकोन्यूटनपर्यंत बळ मिळतं, हलवायला भरपूर. किरण थेट पेशीवर रोखण्यापेक्षा दोन-तीन मणी धरून त्यांच्यामध्ये पेशी अलगद न्या, भाजणं कमी होतं. अर्धा मायक्रोमीटर दाबायला हेही बळ कमीच पडेल.

ऑप्टोइलेक्ट्रॉनिक ट्विझर्समध्ये अमॉर्फस सिलिकॉनच्या थरावर प्रकाशाची आकृती पाडतात, तिथे थर वाहक होतो आणि विद्युतक्षेत्राच्या उताराने कण हलतो. टोरांटो विद्यापीठातल्या गटाने २०१९ मध्ये याच पद्धतीने दातेरी चाकासारखे मायक्रोरोबोट चालवले, पोटातल्या खाचेत पेशी घेऊन जाणारे. अडचण मीडियमची आहे. नेहमीचं मीडियम मीटरला १.५ सीमेन्सच्या आसपास वाहक असतं आणि सिलिकॉनचं तंत्र त्यात नीट चालत नाही. साखरेचं कमी क्षारांचं द्रावण लागतं, पेशींना त्यात फार वेळ ठेवता येत नाही.

आणि फक्त ताठरपणाच हवा असेल, पुष्कळ पेशींचा, तर रोबोटची गरज नाही. अरुंद नळीतून पेशी वेगाने सोडून त्यांचा बदललेला आकार टिपणारी पद्धत २०१५ पासून आहे, सेकंदाला शंभराहून जास्त पेशी होतात. रोबोटचा खरा उपयोग बंद चिपमध्ये एकच पेशी निवडायची, दाबायची आणि तीच पेशी जिवंत परत मिळवायची, यासाठी.

---

सूक्ष्मचालक

मनापासून आभार. तीच पेशी परत हवी आहे, पुढे तिचं आरएनए काढायचं आहे, म्हणून रोबोटच. अझाइडचं आणि प्लुरॉनिकचं लगेच तपासतो.

टू-फोटॉन प्रिंटर (लेसरने रेझिनमध्ये अतिसूक्ष्म वस्तू छापणारा) उपलब्ध आहे. सुईच्या जुळणीऐवजी स्प्रिंग असलेला मोठा ढकलणारा रोबोट छापला आणि याच कॉइलवर चालवला तर? काय मापं घ्यावीत आणि बळ कसं वाचावं?

---

लघुयंत्र

हाच रस्ता घ्या. मोठा रोबोट वापरणारे बरेच जण करंटवरून बळ काढतात: ग्रेडियंट माहीत आहे, चुंबकीय आघूर्ण माहीत आहे, गुणाकार केला की झालं. घर्षण या हिशेबाची वाट लावतं. तुमच्या मापांवरच दाखवतो.

चौकटीत १०० मायक्रोमीटरचा घनाकार खिसा ठेवा आणि त्यात निओडायमियम चुंबकाची भुकटी रेझिनमध्ये कालवून भरा, भुकटी आकारमानाने सुमारे १५ टक्के, कण ५ मायक्रोमीटरच्या आसपास. रेझिन घट्ट झालं की २ टेस्लाच्या वरच्या पल्सने चुंबकित करा. चुंबकन मीटरला १ लाख अँपिअरच्या घरात येतं. ०.१३ टेस्ला प्रति मीटरला त्यावर १३ नॅनोन्यूटन बळ मिळतं. पाण्यातलं वजन ११ नॅनोन्यूटन. घर्षणांक ०.३ धरला तर घर्षण साडेतीन नॅनोन्यूटनच्या आसपास, आणि तो ०.३ कधी ०.२ असतो तर कधी ०.६, तळाचा लेप कसा बसलाय त्यावर. मोजायचं बळ दोन नॅनोन्यूटन आणि घर्षणाची अनिश्चितता तेवढीच. अशा वजाबाकीतून काहीही हाती लागत नाही.

म्हणून बळ स्प्रिंगवरच वाचायचं. चौकट तळावर घासत जाईल, जाऊ द्या. पेशीला टेकणारं नाक चौकटीला दोन समांतर पातळ पट्ट्यांनी जोडा आणि नाक तळापासून वर ठेवा. १५ मायक्रोमीटरच्या पेशीचं केंद्र ७.५ मायक्रोमीटरवर असतं, नाकाचा मध्य त्याच उंचीवर यायला हवा. खाली आला तर पेशी वर उडते, वर गेला तर पेशी खाली दबते आणि तळाचं घर्षण मापात शिरतं. पट्ट्या लांबीला १२५ मायक्रोमीटर, उंचीला ५, जाडीला १. रेझिनचा यंग मापांक (पदार्थाच्या ताठरपणाचं माप) २ गिगापास्कल धरला तर ताठरपणा ०.०१ न्यूटन प्रति मीटर, म्हणजे १ नॅनोन्यूटनला नाक १०० नॅनोमीटर सरकेल. एकच पट्टी वापरू नका, तिचं टोक सरकताना फिरतं आणि नाक तिरपं होतं. समांतर जोडीत नाक सरळ सरकतं. उंची जाडीच्या पाचपट असल्याने उभ्या दिशेने ती २५ पट ताठर आहे, त्यामुळे नाक तळाकडे झुकत नाही.

तुमच्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल म्हणजे ०.१६ मायक्रोमीटर. चौकटीवर आणि नाकावर एकेक खूण छापा, प्रत्येक चित्रात दोन्ही खुणांमधलं अंतर काढा. ठशांची जुळवणी नीट केली तर पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत पोचता येतं, म्हणजे १६ नॅनोमीटर, म्हणजे ०.१६ नॅनोन्यूटन. दोन्ही खुणा एकाच चित्रात असल्याने स्टेज थरथरली तरी फरक पडत नाही. फोकस मात्र स्थिर ठेवा, फोकस सरकला की खुणेची कडा सरकल्यासारखी दिसते.

आता यात बिघडतं काय ते. पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनावर अवलंबून आहे. १ मायक्रोमीटरऐवजी १.१ छापली गेली तर ताठरपणा ३३ टक्के चढतो. त्यात रेझिन पाण्यात थोडं फुगतं आणि मऊ पडतं. त्यामुळे सूत्राचा आकडा फक्त आराखड्यासाठी, प्रत्येक रोबोट द्रवातच तपासून घ्यायचा. थर्मल नॉइज पद्धतीने ताठरपणा मोजलेला एएफएमचा (अणुबल सूक्ष्मदर्शकाचा) कॅन्टिलिव्हर, म्हणजे लवचीक पट्टी, नाकावर टेकवा, दोन्हींचं सरकणं टिपा, गुणोत्तरावरून स्प्रिंग कळते. तपासणीचा कॅन्टिलिव्हर तुमच्या स्प्रिंगच्या जवळपासच्या ताठरपणाचा हवा. पाचपट ताठर असेल तर तो फारच कमी वाकेल.

छापल्यावर रोबोट वाळू देऊ नका. डेव्हलपर, मग आयसोप्रोपेनॉल, मग इथेनॉल, मग पाणी, असा ओल्यातूनच आणा. वाळवणं भागच असेल तर क्रिटिकल पॉइंट ड्रायरमधून. एक थेंब जरी पट्ट्यांमध्ये वाळला तरी पृष्ठताणाने त्या एकमेकींना चिकटतात आणि सुटत नाहीत. नंतर २४ तास पीबीएसमध्ये भिजवून, ते दोनदा बदलून, उरलेला फोटोइनिशिएटर बाहेर काढा, तो पेशींना मारतो. चुंबकाची भुकटी उघडी राहता कामा नये. निओडायमियमची संयुगं खाऱ्या पाण्यात गंजतात. खिशावर रेझिनचं झाकण छापून बंद करा किंवा भुकटीला आधीच सिलिकाचं कवच चढवा. पूर्ण रोबोटवर पॅरिलीन (पॉलिमरचा पातळ लेप) चढवलं तर १ मायक्रोमीटरच्या पट्टीची जाडीच बदलते, ते टाळा. निकेलचा थर द्यायचा विचार असेल तर त्यावर टायटॅनियम हवंच.

चालवताना चौकट अडखळत जाईल, थांबेल आणि उडी मारेल. अराई यांच्या गटाने २०११ मध्ये पेशी हाताळणाऱ्या चुंबकीय रोबोटसाठी काचेला पिझोने अल्ट्रासॉनिक कंप देऊन घर्षण उतरवलं होतं. खालून कायम चुंबक सरकवण्याच्या जुळणीत ते फारच लागतं, कारण चुंबक रोबोटला पुढे ओढतो तसाच जोरात तळावरही दाबतो. तुमच्या कॉइलवर आधी साधा उपाय करून बघा: मुख्य करंटवर २० ते ५० हर्ट्झचा छोटा एसी चढवा. तुमच्या कॉइलचं इंडक्टन्स अंदाजे ५ मिलिहेन्री, ५० हर्ट्झला त्याचा अडथळा दीड ओहमच्या आसपास. ड्रायव्हरला झेपेल.

---

चुंबकसूत्र

लघुयंत्र यांच्या आराखड्याला पूर्ण सहमती. करंटचा एकच उपयोग उरतो, चौकट पुढे नेणं. बळाचा आकडा करंटवरून कधीच काढायचा नाही. ड्रायव्हरला व्होल्टेज मोडऐवजी करंट मोडमध्ये चालवा, नाहीतर कॉइल तापत जाईल तसा करंट घसरेल आणि चौकट मध्येच थांबेल.

सुईचा पर्याय पुढे कधी घेतलात तर कॅलिब्रेशनसाठी शुद्ध ग्लिसरॉलमध्ये मण्याचा वेग मोजून स्टोक्सच्या सूत्राने बळ काढतात. ग्लिसरॉलची श्यानता २० अंशांना १.४ पास्कल-सेकंद आणि २५ अंशांना ०.९५ च्या आसपास असते. तापमान न लिहिता केलेलं कॅलिब्रेशन तीसेक टक्क्यांनी सहज चुकतं. उघडं ठेवलेलं ग्लिसरॉल हवेतलं पाणी ओढतं ते वेगळंच. गाभ्यात उरलेलं चुंबकत्व दर वेळी उतरत्या एसीने घालवा.

---

सूक्ष्मचालक

शेवटचा प्रश्न. बळ आणि दाब (म्हणजे पेशी किती दबली ते अंतर) मिळाल्यावर हर्ट्झचं सूत्र तसंच लावायचं का? नाक सपाट आहे, पेशी गोल आहे आणि मागे भिंत आहे.

---

लघुयंत्र

तसंच लावू नका. नाक आणि भिंत यांच्यामध्ये पेशी दोन्ही बाजूंनी दबते. नाक १ मायक्रोमीटर पुढे आलं तर प्रत्येक बाजूला वाटा अर्धाच. सूत्रात त्रिज्या पेशीची, ७.५ मायक्रोमीटर, आणि दाब निम्मा घ्यायचा. १ किलोपास्कलच्या पेशीला अशा वेळी १.७ नॅनोन्यूटन लागतात, तुमच्या स्प्रिंगवर ते १७० नॅनोमीटर, एका पिक्सेलहून जरा जास्त. पूर्ण १ मायक्रोमीटर एकाच बाजूला धरलंत तर ताठरपणा जवळपास २.८ पटीने कमी निघेल. दाब काढताना नाकाची भिंतीकडची खरी हालचाल घ्या, चौकटीची नको, कारण चौकट जास्त सरकते आणि तो फरक स्प्रिंगमध्ये मुरतो.

टेकण्याचा क्षण हा सर्वांत नाजूक भाग. तो डोळ्याने ठरवू नका. बळाचा दीड-घाती वक्र बसवताना टेकण्याचं स्थान हाही अज्ञात ठेवा आणि वक्राकडूनच काढा. एकूण दाब पेशीच्या व्यासाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, १५ मायक्रोमीटरला दीड मायक्रोमीटर. त्यापुढे केंद्रक विरोध करू लागतं आणि वक्र वर उचलला जातो. केंद्रकाचा ताठरपणा हवा असेल तर तो भाग कामाचा आहे, पण त्याला वेगळं सूत्र लागतं.

---

पेशीघर

आणि वेग लिहा. पेशी स्प्रिंगसारखी वागत नाही, तिचा ताठरपणा दाबण्याच्या वेगाच्या घातावर चढतो. घातांक बहुतेक पेशींत ०.१ ते ०.४ च्या दरम्यान सापडतो. ०.२ धरला तर वेग दसपट केल्यावर तीच पेशी दीडपटीहून जास्त ताठर दिसेल. सगळ्या पेशी सेकंदाला १ मायक्रोमीटर अशा एकाच वेगाने दाबा, सोडतानाचा वक्रही टिपा, आणि अडखळत गेलेल्या फेऱ्या वेगळ्या काढा, त्यांत वेग स्थिर नसतो.

आरएनए काढायचं आहे म्हणून शेवटचं: दाबल्यापासून पेशी फोडेपर्यंतचा वेळ सगळ्या पेशींना सारखा ठेवा. दाबाला पेशी काही मिनिटांतच जनुकांच्या पातळीवर उत्तर देऊ लागते. एक पेशी पाच मिनिटांनी फोडली आणि दुसरी चाळीस मिनिटांनी, तर फरक ताठरपणाचा की वेळेचा ते नंतर सुटं करता येणार नाही. रोबोटने फक्त उचलून नेलेल्या, पण न दाबलेल्या पेशींचा एक गट त्याच वेळापत्रकाने ठेवा.